धाकल्याची पोथी

दसरा उलटला की आमच्या गावात दोन वास एकमेकांच्या उरावर बसतात. एक पिकल्या भाताचा आणि दुसरा डिझेलचा. अंजूरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. तिन्ही बाजूंनी गोदामं आली आणि मधे हातरुमालाएवढी भातशेती उरली. सकाळी फाटकातून ट्रेलर हॉर्न मारत बाहेर पडतो आणि त्याच वेळी खळ्यावर कोणीतरी पहिला भारा फळीवर आपटतो. धप्प. थोडं थांबून पुन्हा धप्प. तो आवाज ऐकला की मी हातातला चहा खाली ठेवते, कारण माणसाच्या डोक्यावर लाकूड बसलं की कसा आवाज येतो हे मला ठाऊक आहे. दोन्हींत फरक करायला मला अजून जमत नाही.

शहरातल्या माझ्या मावसबहिणीला कापणीचे फोटो फार आवडतात. पिवळं शेत, वाकलेल्या बायका, मागे ढग. तिला म्हणावं, एकदा येऊन बघ. बुडात विळा घालायचा, मुठीत गळा धरायचा, आवळून बांधायचं, उचलून आपटायचं, दाणा सुटेपर्यंत आपटायचं आणि मग राहिलेलं पायाखाली तुडवायचं. अन्न काही प्रेमाने हातात येत नाही. आमची माणसं वर्षभर गोदामात शिफ्ट करतात, रिक्षा चालवतात, भाडी गोळा करतात. पण या पंधरवड्यात त्यांच्या हातात विळा आला की चालच बदलते.

अशाच एका कापणीत आमच्या गावाला कादंबरी वाचायची हुक्की आली.

हुक्की म्हणजे वाचनालयाच्या चिटणिसांची. गावात वाचनालय आहे हे गावालाही अधूनमधूनच आठवायचं. चिटणिसांनी कुठेतरी ऐकलं की एका शहरात सगळ्या लोकांनी मिळून एकच पुस्तक वाचलं. झालं. त्यांनी एक जुनी, नावाजलेली मराठी कादंबरी निवडली आणि घरटी एक प्रत वाटली. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, म्हणून उंबऱ्या-उंबऱ्यावर पुस्तक पोचवायचं काम माझ्याकडे आलं. कोणी ते टीव्हीवर ठेवलं. कोणी ट्रकच्या काचेपाशी, हनुमानाच्या शेजारी. पुष्कळ घरांत ते लाल फडक्यात गुंडाळून, हळदकुंकू वाहून देव्हाऱ्यात गेलं आणि तिथेच राहिलं. पुस्तकाचा एवढा मान ठेवणारी माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि ते न उघडणारीही.

त्या कादंबरीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडे ते कोणी घेतही नाही. आम्ही तिला ‘धाकल्याची पोथी’ म्हणतो. गोष्ट साधी आहे. दोघे भाऊ, थोरला आणि धाकला. मधे एक बांध. थोरल्याला बांध सरकवायचाय, धाकला सरकवू देत नाही. एका कापणीत धाकला आपल्या शेतात वाकून भात कापत असतो आणि थोरला मागून येऊन त्याचा खून करतो. ही गोष्ट चिटणिसांनी कापणीच्या दिवसांत, बांधावरून भांडणाऱ्या गावात, हातात विळे असलेल्या माणसांना ऐकवायची ठरवली. विषाची परीक्षा आणखी कशाला म्हणतात?

एकट्याने पुस्तक वाचायची आमच्यात रीत नाही. श्रावणात पोथी लावतात तशी लावायची. देवळाच्या मंडपात चौरंग, त्यावर लाकडी ठवणी, ठवणीवर पुस्तक. एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगायचा. वाचणाऱ्याने पदरचा एक शब्द घालायचा नाही. अर्थ सांगणाऱ्याला मधे तोडायचं नाही. आणि एकदा लावलेली पोथी अर्धी सोडायची नाही. सोडली तर घरात पाळणा हलत नाही म्हणतात. कादंबरीला अर्थ सांगणारा लागत नाही, हे मी चिटणिसांना म्हणून पाहिलं. ते म्हणाले, “बाई, लोकांना सवय हाय. राहू द्या.” वाचायचं काम माझ्याकडे आलं. अर्थ सांगायला बाळाराम.

बाळाराम हा गावचा जुना अर्थवाला. त्याचा आवाज भरदार होता, आणि कोणतीही ओवी तो अशी उलगडायचा की बायका डोळे पुसायच्या. पण त्या वर्षी एक अडचण होती, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती. बाळाराम स्वतःच थोरला होता. त्याचा धाकटा भाऊ नामदेव मंडपात खांबापाशी बसायचा. बाळारामने आपला सगळा वाटा गोदामासाठी द्यायचा ठरवला होता, मुरूम येऊन पडला होता, पण ट्रेलर वळायला नामदेवच्या शेताची पट्टी हवी होती. नामदेव देत नव्हता. उन्हाळ्यात एका सकाळी जेसीबी आला आणि बापाने घातलेला बांध अर्धा उचकटून गेला. नामदेवने तो एकट्याने पुन्हा बांधला, हाताने. तेव्हापासून दोन घरं एकमेकांच्या मयताला तेवढी जायची.

मंडपाच्या पायरीशी एक नियम होता. शेतातून थेट आलेल्यांनी विळे बाहेर ठेवायचे. सांज व्हायची, माणसं अंगावर कुसळं घेऊन यायची आणि पायरीशी विळ्यांचा ढीग वाढत जायचा. मी वाचायला बसण्याआधी त्या ढिगाकडे बघून घ्यायची. नामदेवचा विळा मला ओळखू यायचा, मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेला. तो ढिगात आहे की नाही ते आधी बघायची. मीच कशाला, सगळा मंडप तेच करायचा. बाळारामच्या हातात विळा नव्हता. त्या वर्षी त्याला कापायला काही उरलंच नव्हतं. त्यामुळे त्याच्या हातांकडे कोणी पाहिलं नाही.

पहिले काही दिवस छान गेले. लोक रंगले. आमच्या चाळीत भाड्याने राहणारा एक ट्रकवाला मराठी अर्धीमुर्धी समजून पुढच्या ओळीत येऊन बसायचा आणि उठताना म्हणायचा, “मॅडम, हमारे उधर भी सेम मॅटर हुआ था.” घरोघरी मातीच्या चुली. पण हळूहळू मला एक गोष्ट लक्षात यायला लागली. मी वाचायची एक आणि बाळाराम सांगायचा दुसरंच. पुस्तकात लिहिलंय, थोरला हावरा झाला. बाळाराम सांगायचा, थोरल्याला कुळाची काळजी लागली. पुस्तकात धाकला म्हणतो, बांध बापाचा आहे. बाळाराम सांगायचा, “थोरला भाऊ म्हंजे बापच. बापाचा शबुद मोडला त्याचा काय व्हतं, ते फुडं येल.” आणि मंडप मान डोलवायचा.

मला संताप यायचा. असा की ते पुस्तक मिटून त्याच्या तोंडावर मारावंसं वाटे. पण वाचणाऱ्याने पदरचं बोलायचं नाही. मग मी एक करायला लागले. जिथे तो वाकडा अर्थ सांगे, ते वाक्य मी पुन्हा, मोठ्याने वाचायची. तो पुन्हा वाकडं सांगायचा. मी तिसऱ्यांदा वाचायची. बायका हसायच्या. त्यांना वाटायचं बाईंना दिसत नाही नीट, चष्म्याचा नंबर वाढला.

खरं एकीला कळत होतं. हिरा, नामदेवची बायको. सातवीपर्यंत शिकलेली, अंगाने काटकुळी, तोंडाने तिखट. तिने देव्हाऱ्यातलं पुस्तक उघडलं होतं. दुपारी बांधावर भाकरी खाताना ती नवऱ्याला, ज्याला सहीपुरतंच येत होतं, आदल्या दिवसाचं प्रकरण वाचून दाखवायची. आमचं शेत त्यांच्या शेजारी. मी स्वतः ऐकलंय. विळा मांडीवर ठेवून नामदेव भाकरीचा घास तसाच हातात धरून बसायचा. एकदा हिरा मला म्हणाली, “वैनी, पोथीत धाकल्याला मारतील ना गं?”

मी म्हटलं, “मारतात.”

“यांना अजून न्हाय सांगितला मी. हे बोलतान, सुटंल तो.”

खुनाच्या प्रकरणाच्या दिवशी मंडप तुडुंब भरला होता. दिवेलागणीची वेळ. बाहेर विळ्यांचा ढीग नेहमीपेक्षा मोठा. ट्यूब गुंडाळलेली मूठ वरच दिसत होती, म्हणून सगळे निर्धास्त. मी वाचायला घेतलं. लेखकाने तो खून फार थंडपणे लिहिलाय. धाकला वाकलेला आहे, त्याच्या मानेवर घामाची रेघ आहे, मुठीत शेवटची पेंढी आहे. त्याला पावलं ऐकू येतात, पण पावलं भावाची आहेत म्हणून तो वर बघत नाही. एवढं वाक्य वाचताना माझा आवाज चिरकला. पुढचे वार लेखकाने एकेक करून लिहिलेत, कुठलं हाड, कुठला चिखल, काही सोडलं नाही. मी सगळं वाचलं. मग थांबले.

बाळारामने घसा साफ केला. म्हणाला, “आता अर्थ आयका. धाकल्यानं आधी हात उगारला. कापाचा इला घेऊन भावाव धावला. मंग थोरल्यानं काय कराचा? सवताचा जीव तं वाचवलाच पायजे का न्हाय?”

खांबापाशी नामदेव उभा राहिला. ओरडला नाही. शेतात हाक मारावी इतक्याच आवाजात म्हणाला, “दादूस, धाकल्यानं हात न्हवता उगारला. तो वाकला व्हता.”

“पोथीत बोलू नको.”

“पोथी कुठंय ही? खोटा नको सांगू. तो वाकला व्हता, कापीत व्हता. बाईंनी आताच वाचला.”

“खाली बस.”

“तू बांध मोडलास, तवा मी पन वाकलोच व्हतो, दादूस.”

पुढचं मी शब्दांत मांडते आहे, पण ते शब्दांपेक्षा लवकर झालं. बाळारामने ठवणी उचलली. पुस्तक माझ्या मांडीवर पडलं. ती शिसवी ठवणी त्याच्या आजाने करवून घेतलेली, मोठ्या माणसालाही उचलायला जड. दोन ढांगांत तो खांबाशी पोचला आणि त्याने ती भावाच्या कानशिलावर घातली. धप्प. नामदेव गुडघ्यावर आला. बाळारामने पुन्हा घातली. लाकूड उकललं. बाजूच्या पोरीच्या फ्रॉकवर रक्ताची रेघ उडाली आणि ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा ट्रकवाल्याने मागून त्याला मिठी घातली आणि दोघे चौरंगावर कोसळले. समई उलटली. बाळारामचं तोंड मी जवळून पाहिलं. त्या तोंडावर राग नव्हता, घाबरलेलं तोंड होतं ते. रागावलेला माणूस मला समजतो. घाबरून मारणाऱ्याची मला अजून भीती वाटते.

आणि मग मंडप फुटला. नामदेवकडची माणसं, बाळारामकडची माणसं, सगळी एकदम पायरीकडे धावली. विळ्यांकडे. मला कळलं की आता इथे मुडदे पडणार. माझा नवराही त्यांत होता, आणि तो कोणाच्या बाजूने धावतोय हे मलाही सांगता आलं नसतं.

ढिगावर हिरा बसली होती.

ती केव्हा उठून गेली ते कोणी पाहिलं नाही. नवऱ्याकडे न जाता ती आधी तिकडे गेली. उघड्या पात्यांच्या त्या ढिगावर फतकल मारून, दोन्ही हात मागे पसरून बसली होती. साडी मांडीशी लाल होत चालली होती. पुढे आलेल्याला म्हणाली, “ये. इला पायजे ना? मना बाजूला कर आनि घे.” एकाने तिच्या दंडाला धरून पाहिलं. ती हलली नाही, उलट रेलून आणखी जोर दिला, आणि पातं आत गेल्याचं तिच्या ओठांवर दिसलं. तो मागे सरला. तिला उठवायचं म्हणजे तिला कापायचं, हे हळूहळू सगळ्यांना कळलं. एकेकाचे हात खाली आले. ट्रकवाल्याने नामदेवला टेम्पोत घातलं, मग चार बायकांनी हिराला उचललं. मी पात्यांना लागलेलं तिचं रक्त पदराने पुसत राहिले. कशासाठी, कोण जाणे.

नामदेव वाचला. ठाण्याच्या इस्पितळात बरेच दिवस होता, आणि परत आला तेव्हा डावा कान कायमचा गेला होता. पोलिसांनी ठवणी पुरावा म्हणून नेली. बाळाराम आत गेला, जामिनावर सुटून आला. त्या सगळ्या दिवसांत नामदेवचं भात शेतात उभंच होतं. पिकून झुकलं, मग दाणे झडायला लागले. हात लावला तर बाजू घेतल्यासारखं होईल म्हणून अख्ख्या गावाने तिकडे पाठ फिरवली. ते झडणारं भात बघून माझ्या जिवाची जी काहिली झाली तिच्याबद्दल मी गावाला अजून माफ केलेलं नाही. शेवटी मांडीला टाके असलेली हिरा एक पाय ओढत शेतात उतरली. मग आम्ही पाच-सहा बायका उतरलो. आम्ही भात कापलं, खळ्यावर नेलं आणि झोडलं. मी इतक्या जोराने झोडलं की खांदा महिनाभर दुखत होता. प्रत्येक भाऱ्याला मी मनात एक नाव दिलं होतं.

पोथी मात्र अर्धी राहिली होती. शेवटचं प्रकरण बाकी. बाळारामच्या सुनेला दिवस गेले होते, आणि त्याच्या घरातल्या बायका अर्ध्या पोथीच्या धास्तीने जेवेनाशा झाल्या. त्या एकदा हिराच्या दारात आल्या. हिरा म्हणाली, “केस मी मागं न्हाय घेनार. मेली तरी न्हाय. पोथी पुरी करू. आमच्या खळ्याव करू. पन अर्थ त्यांनीच सांगाचा. त्या दिवसाचा अर्थ पयला सांगाचा, मंग फुडचा.”

बाळाराम आला. वकिलाने त्याला तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं. पण कादंबरीचा अर्थ सांगायला कुठला कायदा आडवा येतो? आता ठवणी नव्हती, मी पुस्तक हातात धरूनच खुनाचा तो भाग पुन्हा वाचला. खळ्याभोवती सगळं गाव बसलं होतं. नामदेव भाताच्या गोणीवर, डोक्याला फडकं बांधून. बाळाराम उभा राहिला. त्याचा तो भरदार आवाज कुठे गेला होता कोण जाणे. म्हणाला, “धाकला वाकला व्हता. त्यानं हात न्हवता उगारला.”

तो हे म्हणू लागला तेव्हाच नामदेवने सावकाश मान फिरवली आणि बहिरा कान भावाकडे केला.

“आयकलास ना, नामा?” बाळाराम म्हणाला. नामदेव पेंढ्याच्या गंजीकडे बघत राहिला. मी शेवटचं प्रकरण वाचलं. त्यात थोरला साक्षीदार नसल्याने सुटतो, म्हातारा होतो, नातवंडं खेळवतो, गावात मान मिळवतो. संपलं. पुस्तक मिटलं तरी कोणी उठेना. पोथीच्या शेवटी फलश्रुती असते, ऐकणाऱ्याला काय मिळालं, पाप्याचं काय झालं. एका म्हातारीने विचारलं, “मंग त्याला काय झाला?” मी म्हटलं, “काही नाही.” ती म्हणाली, “असली कसली गो पोथी?” आणि पदर झटकून निघून गेली.

त्यानंतर दर कापणीला बाळाराम येतो. त्याच्या वाट्यावर गोदाम उभं राहिलं, ट्रेलरला दुसरीकडून वाट मिळाली, गळ्यात जाड चेन आली. कोर्टात तारखा पडतच आहेत. पण नामदेव कापायला उतरला की एक दिवस हा म्हातारा गोदामाच्या भिंतीला धरून बांधावर येतो, उन्हात उभा राहतो आणि म्हणतो, “धाकला वाकला व्हता, नामा. त्यानं हात न्हवता उगारला.” गोदामातले हमाल हसतात. त्यांना वाटतं, शेठचं डोकं फिरलंय. नामदेव डावा कान तिकडे ठेवून कापत राहतो. बाळारामला वाटतं, ऐकू गेलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा येतो.

परवा आमच्या शेतात मी भारे मोजून घेत होते तेव्हा तो आला. गुडघे गेलेत त्याचे. बांधावर उभा राहिला, मग काय वाटलं कोण जाणे, चपला काढून खाली उतरला. कापलेल्या खुंटांवरून लंगडत, पाय सोलवटून घेत भावाच्या उजव्या अंगाला गेला. चांगल्या कानाच्या बाजूला. नामदेव वाकलेला होता आणि हातात विळा होता. इतक्या वर्षांनी मी पुन्हा आधी त्या विळ्याकडेच पाहिलं. बाळाराम त्याच्या अगदी जवळ, त्याच्याएवढाच वाकला आणि तीच दोन वाक्यं बोलला.

नामदेव उभा राहिला. विळा खांद्यावर टाकला.

“आयकला व्हता मी,” तो म्हणाला. “पयल्याच दिशी. खळ्याव.”

“मंग बोलला का न्हाईस? मी दर वर्साला येतंय, येड्यासारका.”

“तुज्या तोंडून आयकाया बरा वाटतं, दादूस.”

नामदेवने त्याच्याकडे बघितलं, डोक्यापासून सोलवटलेल्या पायांपर्यंत. मग पुढची पेंढी मुठीत धरून पुन्हा वाकला.

“फुडच्या वर्साला पन ये,” तो म्हणाला.